धानाचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष

सालेकसा तालुक्यात कॉलेजात नाव घालायचे दिवस आणि रोवणीचे दिवस एकच. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलैत पावसानं जोर धरला की बांध्यांत चिखलणी सुरू करायची, आणि मग तीन-चार आठवडे गावात धडधाकट माणूस घरी सापडत नाही. नेमकं त्याच आठवड्यांत विद्यापीठाचं नवं वर्ष उघडतं. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला येतो, त्यामागून भारी; तेव्हा विद्यापीठाची हिवाळी परीक्षा. मार्चमध्ये मोह टपकायला लागतो, एप्रिलअखेर तेंदूपत्त्याची चाहूल लागते. तेव्हा उन्हाळी परीक्षा. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं आणि २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. ग्रामगीता लिहिणाऱ्या संताचं नाव पाटीवर आलं, वेळापत्रक मात्र शहराचंच राहिलं. आमच्या भागातल्या पोरापोरींचं कॉलेजात टिकणं काय आणि गळणं काय, या दोन वर्षांच्या ओढाताणीत ठरत आलं आहे.

मी बारावी झालो १९८३ साली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. १ मे १९९९ पर्यंत आम्ही भंडाऱ्याचे, आणि सालेकसाहून भंडाऱ्याला एखादा कागद आणायला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. आमच्यासाठी कॉलेज म्हणजे गोंदिया. मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली, पुढे तिची एन.एम.डी. आणि धोटे बंधू सायन्स ही कॉलेजं उभी राहिली, म्हणून राज्याच्या या टोकाला पदवी नावाची चीज पोचली. सालेकसा ते गोंदिया चाळीसेक किलोमीटर. हावडा–मुंबई मार्गावरचं आमचं छोटं स्टेशन, एका बाजूला दरेकशाचा बोगदा आणि जंगल, दुसऱ्या बाजूला धानाची सपाटी. मोठ्या गाड्या धूळ उडवत निघून जायच्या. थांबायची ती पॅसेंजर.

आज ज्याला विद्यार्थी समुपदेशन म्हणतात, त्याचं आमचं कार्यालय या पॅसेंजरच्या डब्यात होतं. अपडाऊन करणाऱ्यांचा एक डबा ठरलेला. त्यात सेकंड इयर, फायनलची पोरं, दोन-तीन मास्तर, एखादा बँकेतला, कोर्टात तारखेला निघालेले शेतकरी. नवं पोरगं चढलं की त्याची चौकशी व्हायची. कोणत्या गावचा, कोणाचा, टक्के किती, घरी धान किती खंडी. मग विषयांचं वाटप. बी.ए.ला सक्तीचं इंग्रजी आणि मराठी, त्यावर तीन ऐच्छिक विषय. धानोली गेलं की एक विषय ठरायचा, आमगावला दुसरा, गुदमा येईपर्यंत तिसरा. "इतिहास घे, माझ्या नोट्स आहेत." "अर्थशास्त्र नको, त्यात आकडे असतात." "समाजशास्त्र घे, त्यात कोणी जात नाही." जात नाही म्हणजे नापास होत नाही. तुला काय आवडतं, पुढं काय व्हायचं आहे, हा प्रश्न त्या डब्यात कुणी कुणाला विचारला नाही. मीही इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी वाङ्मय घेतलं ते त्या तीन विषयांच्या वह्या आमच्याच गल्लीत उपलब्ध होत्या म्हणून. पहिल्या वर्षाला मी जुन्या वह्यांवर शिकलो; त्यातल्या इतिहासाच्या वहीत समासात माझ्या आधीच्या दोन मालकांची नावं, त्यांचे रोल नंबर आणि एका पानावर बैलजोडीचा हिशोब होता.

सल्ला म्हणून ही पद्धत अगदीच तकलादू होती, हे आज कळतं. पण तिच्यात एक गोष्ट फुकट मिळायची. ज्यानं तुला विषय दिला, त्यानं वहीही दिलेली असायची. वही परत मागायला तो येणार, मग तू कॉलेजात येतोस का हे त्याला कळणार. दोन दिवस डब्यात दिसला नाहीस की तिसऱ्या दिवशी निरोप घरी.

दुसरं ठिकाण कॉलेजच्या ऑफिसची खिडकी. तिथं बडेबाबू बसायचे. आमच्याकडं हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेला मान आहे तो. नाव सांगत नाही, पण त्या काळी गोंदियात शिकलेल्या प्रत्येकाच्या मनात असा एक बडेबाबू असेल. समोर जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, त्यात प्रवेश क्रमांकानुसार नावं, आणि नावापुढं त्यांच्या हातची एक बारीक खूण. ती खूण गावाची होती. सालेकसाचे 'सा', आमगावचे 'आ', देवरीचे 'दे'. सरकारी नियमात अशी खूण कुठं लिहिलेली नव्हती. परीक्षेचे फॉर्म सुरू झाले की बडेबाबू रजिस्टर उघडत, फॉर्म न भरलेल्यांची नावं काढत आणि खुणा बघून अपडाऊनवाल्यांच्या हातात चिठ्ठ्या देत. मला दिलेली एक चिठ्ठी आजही आठवते. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी ती माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, "काहून रे बाबू, तुझा तो गाववाला कुठं मेला? लेट फी सुरू व्हायच्या आत घेऊन ये त्याला. फोटो दोन, मागं नाव लिहून."

तो गाववाला रोवणीपासून कॉलेजात आला नव्हता. बापाचा पाय मोडला होता, थोरल्या पोराच्या अंगावर बांध्या येऊन पडल्या होत्या. आम्ही त्याला धरून नेलं तेव्हा खिशात अर्धेच पैसे होते. बडेबाबूंनी फॉर्म घेतला, उरलेले पैसे स्वतः भरले आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं मांडून ठेवले. धान विकला गेला तेव्हा ते पैसे त्यांना परत मिळाले, तेही पॅसेंजरनंच. तो पदवीधर झाला, पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला आणि आता निवृत्त आहे. त्या पेन्सिलीच्या ओळीला कुठल्याही अहवालात जागा नव्हती.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की तेव्हाचं सगळं माणसांचं आणि आताचं सगळं मशीनचं. आमच्या पिढीच्या गप्पा नेहमी इथंच थांबतात आणि मला त्या गप्पांचा कंटाळा येतो. बडेबाबूंची चिठ्ठी कुणाला मिळायची? ज्याच्या गावचा दुसरा कुणी त्या गाडीत असायचा त्याला. म्हणजे रुळाजवळच्या गावांतल्या पोरांना. जंगलाकडच्या, दरेकशाच्या वरच्या टोल्यांवरच्या, कचारगडच्या बाजूच्या पोरांसाठी चिठ्ठी नेणारं कुणी नव्हतं. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेला लाखो गोंड भाविक येतात, तेवढे दिवस त्या बाजूला माणूस मावत नाही. बाकी वर्षभर तिकडचा पोरगा कॉलेज सोडून गेला तर कॉलेजला पत्ता नसायचा. आमच्या वर्गात तिकडचा एक होता. घरी गोंडी, गावात हिंदी-छत्तीसगढी, आश्रमशाळेत मराठी, आणि बी.ए.ला सक्तीचं इंग्रजी. इतिहासात आम्हा सगळ्यांहून हुशार. इंग्रजीत गेला. पुन्हा बसला, पुन्हा गेला. मग तेंदूपत्त्याच्या फडीवर मुन्शी झाला. त्याला कुणी काढलं नाही, त्यानं कुणाला सांगितलंही नाही. बाकावरची जागा आम्ही सरकून भरून टाकली.

आणि मुली? त्या गळायच्याही नाहीत, कारण मुळात नाव घातलेलंच नसायचं. माझ्याबरोबर बारावी झालेल्या मुलींपैकी आमच्या गाडीत चढलेल्या दोघी. त्यातली एक दुसऱ्या वर्षी लग्न करून बालाघाटकडं गेली. रोवणी हे तर मुख्यतः बायकांचं काम. पोरगी चांगली रोवते म्हटल्यावर तिला जुलैत कॉलेजात पाठवायची कल्पना घरात मांडायची कुणी? बडेबाबूंच्या रजिस्टरात ज्याचं नाव होतं त्याचीच काळजी. रजिस्टराबाहेरच्यांचा हिशोब त्या काळानं ठेवलाच नाही.

पैशाचंही तसंच. राज्यात १९५९ सालापासून कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली, यशवंतराव चव्हाणांच्या काळातला तो निर्णय, त्या ई.बी.सी. सवलतीवर खेड्यातली एक अख्खी पिढी शिकली. मागास आणि आदिवासी विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती होती. पण ती मिळते हे कळायचं नोटीस बोर्डवरून, आणि नोटीस बोर्ड वाचायला कॉलेजात यावं लागायचं. हातात पैसे पडेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असायची.

आता बघा. सकाळची मेमू सालेकसाला लागते तेव्हा फलाटावर पोरांपेक्षा पोरी जास्त दिसतात. पाठीवर सॅक, कानात इअरफोन, हातात डबा. रेल्वे पदवीपर्यंतच्या मुलींना मोफत मासिक पास देते; हा एक कागद आमच्या भागात किती पोरींना पदवीपर्यंत घेऊन गेला असेल याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. शाळकरी पोरींसाठी मानव विकासच्या निळ्या बसगाड्या. आदिवासी मुलामुलींना वसतिगृह, आणि तिथं जागा नसेल तर खोली भाड्यानं घेऊन राहायला स्वयम योजनेचे पैसे. देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. आमगावला भवभूतीच्या नावाचं कॉलेज आहे. महामहोपाध्याय मिराशींनी भवभूतीचं पद्मपूर आमगावजवळ असल्याचं दाखवून दिलं होतं, तेव्हा उत्तररामचरित लिहिणारा आमचाच, हे आम्ही अधूनमधून सांगून घेतो. आणि खुद्द सालेकसात कॉलेज आलं. ज्या वयात आम्ही पॅसेंजरच्या दांडीला लटकत होतो, त्या वयातली पोरगी आज सायकलनं वर्गात जाऊ शकते. जुन्या दिवसांचे कितीही गोडवे गायले तरी हे आमच्याकडं नव्हतं.

मग गळती कुठून आली? आहे, आणि तिचा चेहरा बदलला आहे. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली देशात १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं, अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के. दोन्ही आकडे पूर्वीपेक्षा खूप चढे, आनंदाचेच. पण ते नाव घातलेल्यांचे आहेत. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा द्यायला त्यातले किती बसले, हे त्या टक्क्यांत दिसत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आमच्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, को-करिक्युलर. एका सेमिस्टरला वीस ते बावीस क्रेडिट. इतिहास शिकणाऱ्या मुलीनं वाणिज्याचा एखादा विषय घ्यावा, ही कल्पना मला मनापासून आवडते. आमच्या डब्यात तर तिला हसले असते. पण एवढ्या टोपल्यांतून काय उचलायचं हे सांगणारा माणूस कोण? प्रत्यक्षात तो आहे तहसील रोडवरचा ऑनलाइनवाला. टपरीएवढी जागा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असा फ्लेक्स. भाचीबरोबर मी तिथं बसलो होतो. समोरची मुलगी, पायाला अजून चिखल, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. पोरानं विचारलं, "ओई कोणता टाकू?" तिनं मैत्रिणीकडं बघितलं. मैत्रिणीनं खांदे उडवले. "जो उरला असेल तो टाक भाऊ." त्यानं टाकला. मायनरचंही तसंच. ओटीपी आला, क्रेडिट बँकेचा नंबर निघाला, प्रिंट निघाली, पन्नास रुपये झाले. पुढचा नंबर. त्या पोराचा दोष काही नाही. उलट दिवसभर तो जितक्यांना वाट दाखवतो तितक्यांना कुणी दाखवत नाही, आणि कोणाचा उत्पन्नाचा दाखला संपला, कोणाची जातीची व्हॅलिडिटी अडकली, कोणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, हे त्याला तोंडपाठ आहे. पण ती मुलगी ऑक्टोबरमध्ये कॉलेजात दिसते का, हे विचारायचं त्याला कारण नाही. तिची वही त्याच्याकडं परत यायची नसते.

कॉलेजातही सोय आहे, कागदावर तर भरपूर आहे. नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर-मेंटी पद्धत विचारतात, म्हणून प्रत्येक प्राध्यापकाकडं मुलांची यादी असते. विद्यापीठ अनुदान आयोगानं नव्या विद्यार्थ्यांसाठी दीक्षारंभ हा कार्यक्रम आखून दिला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी विकास मंडळ आणलं. कल्पना एकूण एक चांगल्या. अडचण अशी की राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तास घेणारे कितीतरी जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. त्यांची स्वतःची नेमणूक सत्र संपलं की संपते. ज्याला पुढच्या जुलैत आपण इथं असू की नाही हे माहीत नाही, त्यानं दुसऱ्याच्या पोराला तीन वर्षं टिकवायचं. तो व्हॉट्सॲप ग्रुप काढतो, सूचना टाकतो, आणि खरंच कळकळीनं टाकतो. पण ज्याचं रिचार्ज संपलं तो ग्रुपमध्ये असूनही नसतो. दरेकशाच्या डोंगरापलीकडं तर रेंजसाठी पोरं ठरावीक झाडाखाली जातात. हजेरी न लावणारा मुलगा मेसेज न वाचणाराही असतो, ही साधी गोष्ट ग्रुप काढताना कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात मोठा बदल मात्र सेमिस्टरनं केला, आणि त्याबद्दल मी कुठं फारसं ऐकत नाही. आमच्या वेळी वर्षाची एकच परीक्षा. जुलै-ऑगस्ट बुडाले तरी पोळ्यानंतर आलेल्या पोराला मार्चपर्यंत सहा महिने मिळत. प्राध्यापकही मनातून हे धरून चालत. पोळ्याच्या आत कुणी अवघड प्रकरण काढत नसे. नोव्हेंबरात कापणीला, मंडईला, रात्रभर दंडार बघायला घरी राहिलं तरी निभून जाई. विद्यापीठानं खेड्याला दिलेली ही सवलत नव्हती, वेळापत्रकातच सैलपणा होता. सेमिस्टरनं तो काढून घेतला. आता जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश, त्यातून रोवणीचे आठवडे वजा. सप्टेंबरमध्ये अंतर्गत चाचणी आणि असाइनमेंट. मग दिवाळी, मग कापणी, बांधणी, चुरणे, आणि त्याच गडबडीत परीक्षेचा फॉर्म नि परीक्षा. बारावीहून नवं आलेलं पोर पहिल्या सेमिस्टरला वर्गात सलग बसतं ते जेमतेम दोन महिने. त्यात विषय अनोळखी, निवडलेले ऑनलाइनवाल्यानं. अंतर्गत गुण हजेरीवर, पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम डोक्यावर. पहिल्या निकालात चार विषय राहिले की ते घरी बसतं. घरचे म्हणतात, डोकं नाही त्याला. डोकं होतं, जुलै नव्हता.

यातली कडू गोष्ट पुढंच आहे. रोवणीला जाणारी पोरगी बहुधा प्रवेशाच्या फीसाठीच जाते. शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून खात्यात येईल तेव्हा येईल. तोपर्यंत फी, फॉर्मचे पैसे, झेरॉक्स, ये-जा हे सगळं चिखलातून काढायचं. म्हणजे ज्या कॉलेजात राहण्यासाठी ती वर्ग बुडवते, तो वर्ग बुडवल्यामुळंच तिचं कॉलेज सुटतं.

मुलं कॉलेज का सोडतात यावर अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो नावाच्या अभ्यासकानं १९७५ साली एक मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मूल हुशार की ढ, गरीब की श्रीमंत एवढ्यावर ते ठरत नाही. संस्थेशी त्याचं नातं जुळतं का, अभ्यासातही आणि माणसांतही, यावर बरंचसं अवलंबून असतं. तिकडच्या विद्यापीठांत मग सल्लागारांची स्वतंत्र कार्यालयं वाढली, त्यांच्या राष्ट्रीय संघटना झाल्या. आमच्या बडेबाबूंना टिंटो माहीत असायचं कारण नव्हतं. पण नावापुढं गावाची खूण करताना ते जे करत होते, ते याहून फार वेगळं नव्हतं.

नव्या धोरणानं सोडून जाणाऱ्यालाही एक दार ठेवलं, त्याचं मला कौतुक आहे. पहिलं वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी; क्रेडिट बँकेत जमा, जास्तीत जास्त सात वर्षं चालणार. माझ्या त्या इंग्रजीत गेलेल्या मित्राला हे असतं, तर इतिहासातले गुण पाण्यात गेले नसते. पण बारीक अक्षरं वाचा. पहिल्या वर्षानंतरचं प्रमाणपत्र हवं तर वर्षाची चाळीस-चव्वेचाळीस क्रेडिट पूर्ण लागतात, आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. म्हणजे सगळे विषय सुटलेल्यालाच बाहेर पडताना कागद मिळतो. जो पहिल्या सेमिस्टरला चार विषयांत अडकून घरी बसला, त्याच्या हातात आजही रिकामी पिशवीच आहे. आणि परत यायचं दार उघडं आहे, हे त्याला सांगायला कुणी गेलेलं नसतं.

गाडीचंही जुनं राहिलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनात गाड्या बंद झाल्या, त्यातून अपडाऊनची मोडलेली बैठक पुन्हा पहिल्यासारखी बसली नाही. मालगाड्यांना वाट देत उशिरा धावणाऱ्या गाडीच्या भरवशावर पहिला तास कोण धरणार? पोरं मोटारसायकली काढतात. दोघं जण एका गाडीवर, आपल्या वेळेनं. सीनियरनं ज्युनिअरची झाडाझडती घ्यायची ती जागाच गेली. त्यात दादागिरी होती, फुकटचे सल्ले होते, जातीपातीचे कोपरेही होते. ते गेले ते बरं झालं. पण "तीन दिवस दिसला नाही बे" म्हणणारं तोंडही त्याच्याबरोबर गेलं, आणि त्याच्या जागी आलेल्या सगळ्या सोयींना अजून ते तोंड फुटलेलं नाही.

माझं मत विचाराल तर कॉलेजांनी आणखी एक समिती काढू नये. पहिल्या सेमिस्टरचं अवघड शिकवणं पोळ्यानंतर ठेवावं, धानाच्या तालुक्यांतल्या कॉलेजांना तेवढी मोकळीक विद्यापीठानं द्यावी. विषयाचा फॉर्म कॉलेजातच, प्राध्यापकासमोर बसून भरून घ्यावा; सुरुवातीचे पंधरा दिवस एका खोलीत तेवढं एकच काम चालावं. पोळा झाल्यावर प्रत्येक वर्गाची यादी घ्यावी आणि जो आला नाही त्याच्या घरी, मोबाइलवर जमलं नाही तर गावातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती, निरोप धाडावा. सीएचबीवाल्याला निदान पूर्ण वर्षाची नेमणूक द्यावी. यातल्या दोन गोष्टींना पैसा लागतो, बाकीच्यांना रजिस्टर आणि पेन्सिल पुरते.

आणि तुम्ही, वाचणारे. सालेकसा, आमगाव, देवरी किंवा धान पिकणाऱ्या कुठल्याही तालुक्यात तुमचं घर असेल तर शेजारीपाजारी पहिल्या वर्षाला असलेलं एखादं पोर नक्की सापडेल. दिवाळीला गावी जाल तेव्हा त्याला टक्के विचारू नका. परीक्षेचा फॉर्म भरला का, एवढं विचारा. नसेल भरला तर दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवर बसवून कॉलेजात घेऊन जा, आणि फोटो दोन घ्यायला सांगा, मागं नाव लिहून.